स्वयंपाकघरातलं वेळापत्रक

वेळेचं नियोजन मी धुळ्यात शिकलो, तेही दीड तास उशिरा आलेल्या माणसाकडून. दोन दिवसांचं सरकारी प्रशिक्षण होतं. आल्या आल्या त्याने चहा मागवला, उशिराचं खापर एसटीवर फोडलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘गेलेला क्षण परत येत नाही.’ आम्ही सगळे कारकून माना खाली घालून ते वहीत उतरवत होतो. एकालाही हसू आलं नाही. मलाही नाही.

तेव्हा मी जळगावहून यावलला अप-डाऊन करायचो. साडेदहाच्या कचेरीत सव्वाअकराला पोचायचं, मस्टरवर साडेदहा लिहायचं आणि चहाला जायचं. दुपारी केळीचे भाव, कोणाची बदली कुठे, आणि चार वाजले की सगळ्यांचे कान बसकडे. खेड्यातला माणूस सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी दारात ताटकळत असला की आमच्यातला एखादा आतून खेकसायचा, “भाऊ, काम चालू आहे, दिसत नाही का?” काम म्हणजे पत्ते. तो एखादा बहुतेक वेळा मीच असायचो.

असला माणूस घरी शिस्त आणायला निघाला. धुळ्याहून परतल्यावर पट्टीने रेघा मारून मी बायकोच्या दिवसाचं वेळापत्रक केलं आणि स्वयंपाकघरात चिकटवलं. नळ, डबा, भांडी, धुणं, निवडणं. पाव-पाव तासाचे रकाने. माझ्या रकान्यात सकाळी ‘पेपर’, संध्याकाळी ‘विश्रांती’. ती कामाला चटपटीत. तिचा अर्धा तास वाचलेला दिसला, की मी त्यात नवं काम लिहायचो.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला पहूरहून आले. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी जातेच. आणि जायला मिळावं म्हणून तिने चार दिवसांचं काम दोन दिवसांत उरकून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळवून डब्यात भरल्या होत्या. पिशवी दाराशी तयार होती.

“दारच्या निंबाले झोका बांधून आलो, जवाईबापू,” सासरे म्हणाले. “पोरीले घेऊन जातो.”

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. “या आठवड्यात शेवया आहेत, नाना. शुक्रवारी पाठवतो.”

बिबड्यांचं काम संपलेलं पाहून आदल्या संध्याकाळीच मी रिकाम्या रकान्यात शेवया लिहून ठेवल्या होत्या.

“शुक्रवारी? आखाजी तं उद्याच हाये.”

“नियोजन म्हणजे नियोजन, नाना. मला बस गाठायचीय.”

ते हसले. “तुमचं बरं हाये. आमच्याकडं सणच ठरवते, कधी यायचं ते.” पाणी प्यायले आणि एकटेच स्टँडकडे निघाले. बायकोने पिशवीतली नवी साडी काढून ट्रंकेत ठेवली आणि परातीत रवा घेतला.

त्या दिवशी कचेरीत मी चार डाव खेळलो, तीन जिंकलो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शुक्रवार आला तेव्हा ‘सण तर होऊन गेला, आता काय करतेस जाऊन’ म्हणून तेही मोडलं.

दिवाळीआधीच सासरे वारले. तिला घेऊन मी पहूरला गेलो तो तेव्हा. निंबाला झोका तसाच लटकत होता, दोर पावसाने काळा पडलेला.

“पोर येईन म्हनत सोडूच नाही दिला त्यायनं,” सासूबाई म्हणाल्या.

काहीतरी उपयोगी पडल्यासारखं दिसावं म्हणून मी गाठ सोडायला गेलो. सुटेना. नखं लावली, तरी सुटेना.

“ऱ्हाऊ द्या जवाईबापू,” सासूबाई मागून म्हणाल्या. “तुमची गाडी निघून जाईन.”

बायको ओट्यावरून पाहत होती. आणि मी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं.