मोहाखाली पाठीवर पडलेला हात

देव-देवस्की, अंगात येणं... या सगळ्यापासून मी चार हात लांबच. लाखांदूर तालुक्यात जंगलाला लागून आमचं गाव, बी.एस्सी. करून लग्नानंतर मी इथे शिवणक्लास चालवते. सासूबाईंची श्रद्धा मात्र पक्की. मोहफुलं वेचायला गेल्या की पहिली ओंजळ देवीच्या नावानं झाडाखालीच ठेवायच्या. "पयले मायचं, मंग आपलं." मी हसायचे.

गेल्या चैत्रातली सकाळ, नुकतंच उजाडलेलं. आम्ही दोघीच होतो. सासूबाई पुढच्या झाडाखाली वाकून वेचत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. मीही खाली बसलेली. अचानक पाठीवर हात पडला — खरखरीत, गरम. अन् बाईचा आवाज, "उभी राय, पोरी. तुह्या सासूच्या पुढं जाय."

वळून पाहिलं, कोणीच नाही. तरी उठले, आणि तेव्हा दिसला... सासूबाईंच्या पलीकडे झुडपात दबा धरून बसलेला वाघ.

एरवी माझी बोबडीच वळली असती. पण मी पळाले नाही. दोघांच्या मधे जाऊन हात वर केले आणि ज्या देवीला हसायचे, तिचाच जयजयकार सुरू केला. आवाज माझाच होता, धीर कुठून आला देव जाणे. वाघानं बघितलं, बघतच राहिला... मग वळून निघून गेला.

"कायले वरडून राहिली वो?" सासूबाईंनी आत्ता कुठे मान वर केली.

नवरा म्हणतो, "भेवानं होते तसं." पण आवाज आला तेव्हा मी वाघ पाहिलाच नव्हता. मग भीती कशाची?

त्याच आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका बाईला वाघानं मारलं — मोहफुलं वेचतानाच. मी तिच्या घरच्यांना भेटायला गेले. गेलेली ती नवरात्रात अनवाणी राहणारी, उपास न चुकवणारी बाई. माझी गोष्ट तिच्या मुलीपर्यंत पोचली होती. तिनं माझा हात धरून विचारलं, "ताई, तुमाले आवाज आला. मंग माह्या मायले काहून नाई आला?"



तेव्हापासून मी मोहफुलं वेचत नाही. गावातल्या बायांसोबत जाते. त्या वाकतात, मी थाळी वाजवत पहाऱ्याला उभी राहते. भीती वाटते, तरी जाते. देवीवर माझा विश्वास बसला, हे खरं. पण तिचा रागही येतो, आणि हे घरात कुणाला सांगता येत नाही. त्या पोरीला काय सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.