मामाजी, मैना आणि थर्मामीटर

माझ्या सासऱ्यांइतका, म्हणजे मामाजींइतका निर्मळ, निर्भीड आणि चारचौघांत आपल्याला तोंड लपवायला लावणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. आमच्या लग्नाच्या बैठकीत चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "तुमच्या वणीकडं गाय माजावर आली, हे कसं वळखता जी?" माझे वडील कोळशाच्या खाणीत फिटर. त्यांना जोराचा ठसका लागला. आतल्या खोलीत आई पदर तोंडात कोंबून बसली आणि मी पोह्यांचा ट्रे घेऊन उंबऱ्यावरच थिजले. अशा घरात मुलगी द्यावी का, यावर आमच्याकडे बराच खल झाला.

घाटंजीजवळच्या त्या घरात आल्यावर कळलं, की तो नुसता नमुना होता. इथे पहाटे सगळ्यांनी मौन पाळायचं, कारण मैना, म्हणजे आमची संकरित गाय, उठायच्या आणि पाणी प्यायच्या आत मामाजींना तिचं तापमान घ्यायचं असे. काचेचं थर्मामीटर, त्याला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक मैनेच्या शेपटीला. ते कुठे घालतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळले, मैना धडपडून उठली आणि त्या दिवसाचं मोजमाप फुकट गेलं. मामाजी रागावले नाहीत. म्हणाले, "अवं बाई, उन्हाळ्यात गाय मुका माज करते. हंबरत नाही, काही नाही. आंग तेवढं जरासं तापते. मंग तिले असंच इचारा लागते." काम झालं की थर्मामीटर साबणानं धुऊन भिंतीतल्या देवळीत, कुंकवाच्या करंड्याला टेकवून ठेवत. त्या दिवसापासून मी कुंकू सोडून टिकलीवर आले.

एवढं करूनही मैना गाभण राहीना. मामाजी 'आज' म्हणत, गुरांचे डॉक्टर येऊन कृत्रिम रेतन करून जात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. दूध आटलं. शेवटी माझा नवरा वैतागला. "बाबा, भाकड झाली थे. कायले पोसून राह्यलो आपण? इकून टाकू." मामाजींनी मान खाली घातली. थर्मामीटर खोटं बोलत नाही, तेव्हा दोष मैनेचाच असणार, हे त्यांनीही मनाशी ठरवून टाकलं.

ज्या दिवशी व्यापारी यायचा होता, त्या पहाटे त्यांनी शेवटचं थर्मामीटर लावलं. उजेडाकडे धरून म्हणाले, "एकशे एक. रोजच्यासारखंच." मी चहा घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. सहज डोकावले आणि हबकलेच. पारा एकशे दोनच्या वर चढला होता. ताप म्हणावा तर मैना मजेत रवंथ करत होती. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा आला होता. रोज समोर असून तो मला कधी दिसलाच नव्हता. किती महिने हे नुसत्या अंदाजानं आकडे सांगत होते, कोण जाणे!

एवढ्यात व्यापारी आला, त्याच्यामागून गावातली चार माणसंही आली. त्यानं दाव्याला हात घातला मात्र, आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "मैना माजावर आहे! सोडू नका तिला, डॉक्टरला बोलवा!"

नवरा आ वासून बघत राहिला. व्यापाऱ्यानं दाव्यावरचा हात काढला. मामाजींनी थर्मामीटर नाकाजवळ आणलं, लांब धरलं, फिरवून पाहिलं. "मले तं एकशे एकच..." म्हणता म्हणता थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "मले काहीच दिसून नाही राह्यलं." ते चाचपडत पुढे गेले आणि त्यांनी मैनेच्या मानेवर हात ठेवला. "माय, तू तं सांगून राह्यली होती वं. म्याच आयकलं नाही." मला रडू आवरलं नाही.

मैना आता गाभण आहे. मामाजी डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलतात, "आधी तिचं बाळंतपण होऊ दे" म्हणतात. पहाटे ते गोठ्याबाहेर खाटेवर बसतात, आत येत नाहीत. गाभण गाईला रोज थर्मामीटर लावायची गरज नसते, हे त्यांनीच मला शिकवलंय. तरी बाहेरून भीत भीत विचारतात, "किती हाये, बाई?"

मी लावते, आणि असेल तो आकडा सांगते.