सहा मिनिटांची चाल

उस्मानपुऱ्यातल्या एका छातीच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं पेशंटना चालवतेय. रिपोर्टात जातात तीन-चार आकडे: किती मीटर चालले, ऑक्सिजन किती उतरला, नाडी किती वाढली. बाकीचं सगळं माझ्याकडं साचतं. घरी सांगायला जावं तर नवरा म्हणतो, “जेवताना नको!” म्हणून तुम्हाला सांगते.

टेस्ट साधी आहे. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना एकेक स्टूल. त्यांना वळसे घालत सहा मिनिटं चालायचं. आमच्या बहुतेक पेशंटच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला असतो. त्या दाबापुढं हृदयाची उजवी बाजू हळूहळू थकते. त्यात म्हातारपण! वयानं हृदय कडक होतं, फुप्फुसं सैल पडतात, थोडी धाप तशीही लागते. मग आजाराची धापही वयाच्या नावावर खपून जाते.

* * *

अजिंठ्याकडचे एक मेंढपाळ बाबा आले होते. टेस्ट समजावून सांगितली तर हसायलाच लागले.

“सहा मिनिटं? आवं, दिवसभर डोंगर चालतो मी!”

दुसऱ्या मिनिटाला भिंत धरून उभे. ओठ निळसर.

“बाबा, डोंगरावर असं होत नाही का?”

“तिथं मेंढरं चरायला थांबत्यात, तवा मी बी थांबतो. कुणाला कळत नाय.”

किती वर्षं असं चाललं होतं, ते त्यांनाही आठवेना. सहा महिन्यांनी परत आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून. मेंढरं पुतण्याला देऊन टाकली होती.

“आता आराम ना, बाबा?”

“आराम कसला! आता थांबलो की समद्यांना दिसतं.”

* * *

देवगाव रंगारीहून दोघी जावा आल्या. थोरली धाकटीला घेऊन आली होती. धाकटीच्या पायावर सूज, चार पावलांत दम. आयुष्य चुलीपुढं गेलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधीपासून आहे?”

थोरलीनंच उत्तर दिलं, “लई वर्षं झाली. पण आम्ही म्हणलं, वय झालंय तिचं.”

“तुमचं वय काय?”

“मी हिच्याहून बारा वर्षांनी मोठी!” थोरली ताठ बसली.

“तुम्हाला जिना चढता येतो?”

“व्हय! न चढायला काय झालं?”

डॉक्टरांनी धाकटीच्या पायाची सूज बोटानं दाबून बघितली. थोरली त्यांच्याकडं बघत राहिली. मग हळूच जावेच्या पायाच्या सुजेवर हात ठेवून म्हणाली, “बाई गं... मग वय कुणाचं झालं?”

* * *

एक निवृत्त मास्तर होते, गणिताचे. दर तीन महिन्यांनी यायचे. एकदा बघते तर मास्तर स्टुलाला वळसा न घालता अलीकडूनच वळताहेत!

“मास्तर, कॉपी करताय?”

चेहरा पडला त्यांचा. खाली बसून बराच वेळ दम घेतला, मग म्हणाले, “पोरगी पुण्याहून फोन करून मीटर विचारते. मागच्यापेक्षा कमी सांगितले की रडते.”

मी म्हटलं, “आकडा मला खराच लिहावा लागतो.”

“माहीत आहे हो. मीही जन्मभर तसंच केलं.” मग कपाळ पुसत म्हणाले, “ग्रेस मार्क नसतात का तुमच्यात?”

त्या दिवशी चाळीस मीटर कमी भरले.

* * *

आणि हे शेवटचं.

कन्नडकडचं एक जोडपं चार वर्षं नेमानं येत होतं. पेशंट काकू. काका पलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून ओरडायचे, “चल लवकर! बस चुकंल!” टेस्टच्या वेळी पेशंटशी कुणी बोलायचं नसतं. मी दरवेळी दटावायची, काका दरवेळी ओरडायचे, काकू दरवेळी हसायच्या. पुढं पुढं हसायलाही दम पुरेना, तेव्हा नुसता हात हलवायच्या.

गेल्या वर्षी काका एकटेच आले. हातात काकूंची फाईलही नव्हती.

“ताई, मला चालवा एकदा,” ते म्हणाले.

“काही त्रास होतोय का?”

“नाय. चालवा फक्त.”

कॉरिडॉर रिकामाच होता. मी बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, घड्याळ सुरू केलं. काका चालायला लागले. पलीकडच्या टोकाला गेले की क्षणभर उभे राहायचे, मग वळायचे. सहा मिनिटं संपली. ऑक्सिजन ठणठणीत, नाडी ठीक. तरी काका मटकन खुर्चीत बसले.

“काका, धाप लागली का?”

“नाय.”

मी क्लिप काढून घेतली. काका त्या तीस मीटरकडं बघत होते.

“लई लांब हाय हो हे,” ते म्हणाले.