काहीच न फिरणारा कॅमेरा

अकरा वर्षं दुर्गा दुसऱ्याचं नाव टाइप करत होती. लग्न असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, सीडीच्या शेवटी पडद्यावर गुलाबी अक्षरं सरकत वर जायची : 'चित्रीकरण – बाळासो'. ती अक्षरं सरकवणारी दुर्गा स्टुडिओच्या पोटमाळ्यावर घामानं निथळत बसलेली. कापणं तिचं, जोडणं तिचं, कुठल्या मावशीचं रडणं किती वेळ ठेवायचं ते ठरवणंही तिचंच. एकदा तिनं विचारलं होतं, "मामा, एखादं शूटिंग मी करू का?"

स्टुडिओचे मालक बाळासो हसले. "अगं, बाईच्या हाताला ते वजन पेलत नाही."

नीलम नगरातल्या आपल्या घरी भरलेलं सिलिंडर तीन मजले वर चढवणाऱ्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे कमालच म्हणायची! दुर्गानं ठरवलं, की आपलं नाव त्या पडद्यावर एकदा तरी सरकवायचंच. आणि त्यासाठी कॅमेरा स्वतःचा हवा.

साल दोन हजार दहा. दसरा दहा दिवसांवर आला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कमलाकरशेठचं नवं शेड दसऱ्याला सुरू व्हायचं होतं. टॉवेलचे चोवीस माग एकदम. ते सगळे माग बसवले होते दुर्गाच्या वडिलांनी, मल्लप्पांनी. चाळीस वर्षं माग दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस या कामानंतर घरी बसणार होता. दुर्गा शेठकडे जाऊन उभी राहिली.

"शूटिंग बाळासोला दिलंय," शेठ म्हणाले. "तू बायकांचं हळदीकुंकू घे हवं तर."

हळदीकुंकू तर हळदीकुंकू. ती वडिलांना घेऊन नव्या पेठेतल्या दुकानात गेली. तिथल्या युवराजनं काचेवर चार कॅमेरे मांडले. कॅसेटचा तिनं हातानंच बाजूला सारला. एक तास टिपलेलं कॉम्प्युटरवर उतरवायला पुन्हा एक तास जातो, हे तिला पोटमाळ्यानं शिकवलं होतं. छोट्या डिस्कचाही नको. बाळाचं नाव ठेवायच्या आत ती भरून जायची. उरले दोन.

"ताई, डोळे झाकून हार्ड डिस्कवाला घ्या," युवराज म्हणाला. "दिवसभर चालवा, भरणार नाही. बाळासोंनी परवाच नेलाय."

मल्लप्पांना ऐकू कमी यायचं. आयुष्य मागांच्या खडखडाटात घालवलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? त्यांनी चालू कॅमेऱ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. मागाचा आजार ते असाच ओळखायचे.

"ह्यात काय तरी फिरतंय की."

"आजोबा, आत चकती फिरते. तिच्यावरच चित्र साठतं."

"आन् त्या दुसऱ्यात?"

"त्यात मेमरी कार्ड. फिरत काही नाही. पण ते लवकर भरतं हो."

"दुर्गव्वा, ह्योच घे."

"अप्पा, तुम्हाला कॅमेऱ्यातलं काय कळतं?"

"कॅमेऱ्यातलं न्हाय कळत. हादऱ्यातलं कळतं. चाळीस वर्सांत शेडात भिंतीवरचं घड्याळ टिकलं न्हाय, टेप टिकला न्हाय. फिरणारी वस्तू तितं न्ह्यायचीच न्हाय."

युवराजनं ओठ दाबून हसू गिळलं. दुर्गानं कार्डवाला उचलला, वर एक जादा कार्डही घेतलं. मग निघाला फॉरमॅटचा प्रश्न. युवराज म्हणाला, सगळ्यात मोठं चित्र ठेवा, हाय डेफिनिशन, चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसतो.

"तीळ कुणाला बघायचाय? माझा कॉम्प्युटर त्या फायलींनी उचक्या देतो. आणि लोकांच्या घरी टीव्ही साधा, प्लेयर साधा. साधं चित्र लावून दे. कार्डावर जास्त वेळही मावेल."

दसऱ्याला शेडात झेंडूच्या माळा, मागांना हळदकुंकू. बाळासोंनी मधल्या वाटेत फरशीवर स्टँड रोवला, त्यावर नवा कॅमेरा चढवला आणि मंगल कार्यालयात उभं राहावं तसे ऐटीत उभे राहिले. दुर्गाकडे बघून म्हणाले, "काय गं, स्टँड नाही? हात कापतील ना!"

"स्टँड नको घेऊ," मल्लप्पांनी सकाळीच बजावलं होतं. "फरशी बी नाचती. गुडघं सैल सोड, हातात धर. अंग हादरा गिळतं."

शेठच्या आईनं बटण दाबलं. एक माग, दोन, पाच आणि मग चोवीसच्या चोवीस. पायांखालची जमीन दात वाजवायला लागली. बाळासोंच्या कॅमेऱ्यावर लाल अक्षरं आली आणि रेकॉर्डिंग बंद. त्यांनी पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. स्टँडवरून काढला, झटकला, फुंकर मारली. ते ओरडले, "शेठ, दोन मिनिटं माग थांबवा!"

कुणाला ऐकू येणार? खुणा करकरून शेवटी शेठच्या ध्यानात आलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. मुहूर्तावर सुरू झालेला माग थांबवायचा नाही, म्हणजे नाही.

दहाएक मिनिटांत पहिला टॉवेल उतरणार होता. शेठच्या वडिलांपासूनचा शिरस्ता असा, की नव्या शेडातला पहिला टॉवेल देवाला नाही, मालकाला नाही. तो माग बसवणाऱ्याच्या खांद्यावर. आणि हे एकदाच घडणार होतं.

दुर्गा हळदीकुंकवाच्या घोळक्यातून बाहेर पडली. बाळासोंच्या बाजूनं पुढं गेली, गुडघे सैल सोडून उभी राहिली. छोट्या पडद्यावर आधी मागातला धावता धोटा आला, मग कात्री, मग शेठचे हात. मग तिचे अप्पा. शेठनं पांढराशुभ्र टॉवेल त्यांच्या खांद्यावर ठेवला, तेव्हा मल्लप्पांनी टॉवेलाकडे पाहिलंच नाही. त्यांचा तळहात मागावर होता आणि डोळे मिटलेले. तो ठीक चालतोय याची खात्री झाल्यावरच ते हसले. डोळ्यांत पाणी आलं तरी दुर्गानं हात हलू दिला नाही.

चार दिवसांनी ऑफिसच्या टीव्हीवर सगळं बघून शेठनं विचारलं, "शूटिंग कुणाचं?"

बाळासो छताकडे बघत होते. "दुर्गाचं," शेवटी म्हणाले. एवढं मात्र खरं बोलले.

"मग पुढच्या महिन्यात माझ्या नातवाच्या बारशाला हीच येऊ दे."

संध्याकाळी बाळासो पोटमाळ्यावर चढले. "दुर्गे, खाली संकलन म्हणून माझं नाव टाक की."

"तुम्ही काय कापलंत, मामा?"

बाळासो आले तसे जिना उतरले.

तिनं गुलाबी रंग पुसला, पिवळाधमक घेतला आणि अक्षरं दुप्पट मोठी केली. रात्रीच्या जेवणाआधी घरी सीडी लावली. मल्लप्पांना टीव्हीचा आवाज ऐकू येत नव्हता. ते नुसते बघत होते. शेवटी अक्षरं सरकत वर आली : 'चित्रीकरण – दुर्गा मल्लप्पा हत्तुरे'.

खांद्यावरचा टॉवेल सारखा करत ते म्हणाले, "लई भरभर गेलं. परत लाव की."

तिनं परत लावलं. जेवण निवेपर्यंत पाच वेळा.