गोळी कशातून दिली?

शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की अरविंदला मुक्या जिवांची भाषा कळत असे. सभागृहात माना डोलल्या. माझा हा मित्र वारज्यात जनावरांचा दवाखाना चालवायचा आणि त्याला मुक्या जिवांची भाषा मुळीच कळत नसे. म्हणून तर तो मालकांना प्रश्न विचारायचा. त्यातला एक ठरलेला होता : "गोळी कशातून दिली?"

उत्तरं ऐकण्यासारखी असत. पेढ्यातून, श्रीखंडातून, एकदा तर प्रसादाच्या शिऱ्यातून. आमचा कुत्रा ढब्बू गोचीड तापाने आडवा झाला, तेव्हा अरविंदने दिलेल्या गोळ्या माझी बायको सुलभा नेमाने देत होती आणि ढब्बू नेमाने खंगत होता. शेवटी तो मान उचलेना. अरविंद घरी आला, ढब्बूजवळ फरशीवरच बसला आणि त्याने तोच प्रश्न विचारला.

"दुधातून," सुलभा म्हणाली. "उष्ण पडतात ना त्या गोळ्या."

"वहिनी, दुधातलं कॅल्शियम या गोळीला धरून ठेवतं. मग ती रक्तात जातच नाही. ढब्बूच्या पोटातली प्रेक्षणीय स्थळं बघते आणि बाहेर पडते."

सुलभाचे डोळे भरले. तसा तो गडबडला. "अहो, सगळेच देतात. मायेने देतात, तीच तर पंचाईत आहे." मग त्याने मऊ भाताच्या घासातून गोळी दिली, ती घशात अडकू नये म्हणून वर पाणी पाजलं आणि दूध त्या वेळेपुरतं लांब ठेवायला सांगितलं. ढब्बू हळूहळू उठला. त्वचेच्या बुरशीवरच्या एका गोळीचं याच्या अगदी उलट, असं तो सांगायचा. तिला तूप लागतं, आणि लोक नेमकी तीच 'पोटाला हलकं बरं' म्हणून उपाशीपोटी देतात. त्याचं निम्मं आयुष्य लोकांच्या स्वयंपाकघराशी भांडण्यात गेलं.

मग त्यालाच पोटाचा कर्करोग झाला... अन्न जाईना. आमची शेवटची भेट त्याच्या घरी झाली. मंगलवहिनी स्टीलच्या वाटीत शिकरण घेऊन आल्या. त्यात दुखण्यावरची गोळी कुस्करलेली होती. अरविंदने वाटीकडे पाहिलं.

"कशातून?"

"शिकरण आहे. तेवढंच जातंय तुम्हाला."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आयुष्यभर लोकांच्या हातातून दुधाची वाटी काढून घेणारा माणूस... त्याने ते शिकरण सावकाश, शेवटपर्यंत खाल्लं. वहिनी आत गेल्यावर मला म्हणाला, "असा काय बघतोयस? या गोळीला चालतं दूध."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी वहिनींकडे गेलो. ती वाटी ओट्याच्या कोपऱ्यात पालथी पडली होती. वहिनींनी ती पुन्हा वापरली नव्हती.

"भाऊजी, खरं सांगा. शेवटी फार दुखत होतं त्यांना. गोळी मी दुधातून दिली, म्हणून लागू पडली नाही का हो?"

मी अरविंदचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं मन राखायला म्हणाले असतील." मलाही तसंच वाटत होतं. बायकोसाठी आपल्या शास्त्राशी तो एकदाच खोटं बोलला, असा एक सुंदर विचार माझ्या मनात केव्हाचा तयार होता. शोकसभेत बोलायला मिळालं असतं, तर मी तो मांडलाही असता. पण वहिनींचा चेहरा पाहिल्यावर तो विचार फारसा सुंदर वाटेना.

गोळ्यांचं उरलेलं पाकीट मागून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात दाखवलं. ही दुधाबरोबर चालते का, असं विचारलं. दुकानदाराने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"चालते की. रिकाम्या पोटी नका देऊ म्हणजे झालं. कुणाला द्यायचीय?"

मी तिथूनच वहिनींना फोन केला. दुकानदाराचं म्हणणं सांगितलं, तसा पलीकडून नळाचा आवाज आला. वाटी विसळत असाव्यात.

अरविंद खोटं बोलला नव्हता. त्या गोळीला दूध चालतं.