गोबरगॅसची तपासणी

मी तेव्हा पंचायत समितीत नोकरीला होतो. सरकारी अनुदानातून बांधलेली गोबरगॅस संयंत्रं चालतात का, हे पाहायला सोनपेठजवळच्या एका गावात गेलो. घरमालक ऊसतोडीला गेला होता. त्याची बायको कोपरापर्यंत हात घालून शेण कालवत होती. तक्त्यात नवऱ्याचं नाव होतं. तिचं मी विचारलं नाही.

"गॅस येतो का?"

तिनं हात धुतले, शेगडीची चावी फिरवली आणि काडी विझेपर्यंत धरून ठेवली. काहीच पेटलं नाही.

"टाकीला तडा हाय, साहेब. एक डाव बी पेटली न्हाई."

"मग रोज शेण कशाला घालता?"

"सरकारानं दिलंय. आमच्या आळसानं बंद पडलं, असं कुनी म्हनू नये. तपासायला येतेल म्हनून वाट बघायलेय."

वरच्यांना चालू संयंत्रांचा आकडा हवा होता. मी 'चालू' लिहिलं.

"तडा लिवला का? मंजी गवंडी येईल बुजवायला," तिनं विचारलं.

"लिहिला," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. तिनं फुंकणीनं चूल फुंकून, धुरात डोळे पुसत मला चहा करून दिला. तो मी प्यालो. पुढं कितीतरी दिवस ती गवंड्याच्या भरवशावर शेण कालवत राहिली असेल.