दसऱ्याला जागणाऱ्या हार्डडिस्क

लग्नाच्या शूटिंगवाल्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. गिऱ्हाईकच घेऊन येतं, बऱ्याचदा हार्डडिस्कसकट! नाशकात सुधाकरकाकांच्या स्टुडिओत मी एडिटिंग करतो. तिथल्या लोखंडी कपाटात आजवरच्या सगळ्या लग्नांचं कच्चं शूटिंग पडून आहे. आम्ही कापलेलंसुद्धा!

*

दसऱ्याला बाकीचे कॅमेऱ्याला हार घालतात, काका ते कपाट उघडतात. एकेक डिस्क जोडायची, फिरू द्यायची, थोडं लग्न चालवून बघायचं. कुरकुरली तर लगेच नव्या डिस्कवर कॉपी, आणि मगच कुंकू.

"वर्षानुवर्षं विचारलं नाही तर माणूससुद्धा रुसतं. ही तर डिस्क आहे!" काका म्हणतात.

पहिल्या दसऱ्याला मी उत्साहाच्या भरात कुंकवाचं बोट थेट केबलच्या खाचेत घातलं. काका दुपारभर टूथब्रश घेऊन बसले होते. "पूजा कर म्हटलं होतं, अभिषेक नाही!"

*

पिंपळगावचे एक द्राक्षवाले शेठ डिस्क घेऊन आले. हातात घेतली तर गारठलेली, बाहेरून पाणी सुटलेलं. "शेठ, ही होती कुठे?"

"कोल्ड स्टोरेजला! द्राक्षं महिना महिना ऱ्हात्यात, मंग फोटो नाय का ऱ्हाणार?"

ओला मोबाईल लोक तांदळात खुपसतात, पण काकांनी ती तांदळाच्या डब्याजवळसुद्धा जाऊ दिली नाही. चांगली आठवडाभर कोरड्या जागी ठेवली, मग जोडली. शेठच्या पोराचं बारसं जसंच्या तसं निघालं! मी हात जोडले. नक्की कुणाला, ते मलाही कळलं नाही.

*

एका बाईंनी डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी ठेवली होती. बाहेर काढली तेव्हा दागिने तसेच, डिस्कही तशीच, फक्त तिची केबल बाजारातून गायब झालेली! काकांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून नेमकी तीच वायर काढून दिली. बाई म्हणाल्या, "काका, आता हा डबाच लॉकरमध्ये ठेवा!"

*

आणि एक सटाण्याच्या ताई. त्यांच्या लग्नाचं शूटिंग आमचंच. ताईंचा धाकटा भाऊ गेला होता. लाजाळू इतका, की कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. घरात त्याचा एकही धड फोटो नाही. हार घालायला म्हणून आधारकार्डावरचा मोठा करून लावलेला.

"तो असा नव्हता हो दिसत," ताई म्हणाल्या. "एकदा त्याचं तोंड नीट बघायचंय, बस."

लग्नाच्या फिल्ममध्ये तो नव्हताच. पाठमोरा म्हणून मीच कापला होता. आता भरवसा कपाटातल्या डिस्कवर. काकांनी ती जोडली. टकटक झाली आणि ती गप्प बसली. काकांनी केबल काढली, पुन्हा लावली, डोळे मिटून थांबले. हळूहळू ती फिरायला लागली. कधीची ती डिस्क, वर्षातून एकदाच जागी होणारी, आणि तिच्यात अख्खा मांडव उभा! अंगावर काटा आला माझ्या.

भाऊ सापडला. पंगतीत वाढत होता. कॅमेरा जवळ येताच त्याने तळहात आडवा धरला आणि पाठ फिरवली.

"माले काय काढस? ताईले काढ!"

दुसरी क्लिप, पुन्हा पाठ. तिसरीतही तेच. काकांनी माझ्याकडे बघितलं. पुढे एकच क्लिप उरली होती, निरोपाची. त्यातही तो गाडीपाशी पाठमोराच उभा.

ताई खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, आते तरी इकडे देख ना रे."

आणि तो वळला. थेट आमच्याकडे बघून हसला.